बाबांची दाढ आणि आईची झडप

वाचकाचे पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६८ असून ते आणि आई मुलुंडला आमच्या जवळच राहतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडे आधी बाबांच्या खालच्या जबड्यात डावीकडे ठसठस सुरू झाली. दातांच्या डॉक्टरांनी तपासले, कीड नाही म्हणाले आणि दात साफ करून दिले. आठव्या दिवशी बाबांना हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी करून दोन स्टेंट बसवावे लागले. दात साफ केल्यामुळेच झटका आला, अशी तेव्हापासून त्यांची ठाम समजूत आहे. आता उजव्या बाजूच्या दाढेला खरोखरच कीड लागली आहे, गाल सुजला आहे, पू येतो आहे आणि दाढ काढावीच लागेल असे सांगितले आहे. पण बाबा त्या खुर्चीत बसायला तयार नाहीत. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, रक्त पातळ करण्याच्या दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद करा. दातांचे डॉक्टर म्हणतात, हृदयाच्या डॉक्टरांकडून फिटनेस आणा. हृदयाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फिट’ एवढाच शब्द लिहून दिला. शेजारच्या काकू म्हणतात, हृदयरोग्याने दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यायलाच हवे. पुढे दात बसवून घ्यायचा तर इम्प्लांट चालेल का, हेही विचारायचे आहे. आईची तशी काही तक्रार नाही. बारा वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली आहे, पण ती ठणठणीत असते. बाबांना धीर यावा म्हणून गेल्या महिन्यात तिने स्वतःचे दात साफ करून घेतले, काहीही झाले नाही. हल्ली संध्याकाळी जरा कणकण असते आणि ती लवकर थकते, पण सध्या हवाच तशी आहे.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर

तुमचे जवळजवळ सगळे पत्र बाबांविषयी आहे आणि आईंविषयी शेवटी काही ओळी आहेत. मी मात्र त्या शेवटच्या ओळींवरच थबकलो. म्हणून हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता संपादकांकडून तुमचा क्रमांक घेऊन त्याच दिवशी तुमच्याशी बोललो. तेव्हा घाईत जे सांगितले ते येथे सविस्तर लिहितो, कारण एकाच घरात दोन हृदयरोगी असताना सगळ्यांची काळजी चुकीच्या माणसाभोवती गोळा झाल्याचे उदाहरण मला काही प्रथमच दिसत नाही.

आपल्या तोंडात नेहमीच असंख्य जंतू असतात आणि त्यांतील स्ट्रेप्टोकोकस जातीचे काही जंतू दात व हिरडी यांच्या सांध्यात वस्ती करून असतात. दाढ काढताना किंवा हिरडीखालचा कीटण खरवडताना तेथील बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि हे जंतू थोड्या वेळापुरते रक्तात उतरतात. निरोगी हृदयाच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण शरीर त्यांचा लवकरच बंदोबस्त करते. परंतु ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, त्याच्या बाबतीत त्या झडपेचा पृष्ठभाग आणि ती जेथे शिवलेली असते ती कड या जंतूंना चिकटून राहायला सोयीची जागा ठरते. तेथे ते गुठळीच्या आवरणाखाली वाढू लागले, की हृदयाच्या अस्तराचा तो जंतुसंसर्ग होतो ज्याला एंडोकार्डायटिस म्हणतात. हा आजार विरळा आहे हे खरे, पण झडप निकामी करणारा, मेंदूकडे गुठळी पाठवणारा आणि कृत्रिम झडपेवर झाला तर प्राणावर बेतणारा आहे. शिरेतून प्रतिजैविके देण्याचा उपचारही कृत्रिम झडपेच्या बाबतीत किमान सहा आठवडे चालतो, आणि कधी कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

हा आजार दांडगाई करत येत नाही. संध्याकाळची कणकण, रात्री घाम, अन्नावरची वासना उडणे, वजन उतरणे आणि कारण सापडत नाही असा थकवा, एवढ्याच पावलांनी तो येतो. दंतोपचारानंतर काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी. मुंबईच्या पावसाळ्यात हे ओळखणे आणखी कठीण होते. जुलै-ऑगस्टमध्ये ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आणि ‘व्हायरल’ एवढीच नावे आपल्या डोक्यात येतात, आणि तपासण्यांत त्यांतले काही निघाले नाही की नाक्यावरच्या दवाखान्यातून तीन किंवा पाच दिवसांचे प्रतिजैविक सुरू होते. कृत्रिम झडप असलेल्या माणसाच्या बाबतीत यासारखी घातक घाई दुसरी नाही. त्या अर्धवट औषधाने ताप उतरतो, झडपेवरचे जंतू मरत नाहीत, आणि पुढे रक्तात जंतू शोधायला गेले तर प्रयोगशाळेत काहीच उगवत नाही. म्हणजे आजार आहे पण कोणत्या जंतूचा हे कळायचा रस्ता आपणच बुजवून टाकलेला असतो.

म्हणून मी तुम्हाला फोनवर जे सांगितले ते असे होते: आईंना कोणतेही प्रतिजैविक देण्याआधी, त्याच दिवशी, जेथे त्यांच्या झडपेची तपासणी होते त्या रुग्णालयात न्यावे, मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्या अवश्य कराव्यात, पण त्यांच्याबरोबर वेगवेगळ्या शिरांतून घेतलेल्या रक्ताचे किमान तीन ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासण्या, करावेत आणि टूडी इको करून झडप पाहावी, गरज वाटल्यास डॉक्टर अन्ननलिकेतून नळी घालून करायचा इकोही सुचवतील. कणकणीचे कारण बहुधा साधेच निघेल. तरीही तीन नमुन्यांच्या रक्ताइतकी किंमत मोजून ते निश्चित करून घेणे शहाणपणाचे आहे. त्यांनी दात साफ केले यात त्यांची चूक काहीच नाही, उलट वर्षातून दोनदा ते करून घ्यावेत. चूक एवढीच झाली की दातांच्या डॉक्टरांनी झडपेविषयी विचारले नाही आणि आईंनी आपण होऊन सांगितले नाही. ‘ऑपरेशन झाले, आता मी बरी आहे’ असे मानणारी पिढी आहे ती.

आता शेजारच्या काकूंच्या सल्ल्याकडे वळतो, कारण तो आईंच्या बाबतीत बरोबर आहे आणि बाबांच्या बाबतीत चुकीचा. ‘हृदयरोगी’ हा एकच शब्द आपण फार मोठ्या गर्दीला लावतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांचा आजार वेगळा, झडपांचा वेगळा, ठोक्यांच्या लयीचा वेगळा आणि स्नायूच्या अशक्तपणाचा वेगळा. दाताच्या उपचाराआधी प्रतिजैविक द्यायचे ते रक्तातले जंतू हृदयाच्या आतल्या कृत्रिम किंवा सदोष पृष्ठभागावर बसू नयेत म्हणून. बाबांचे स्टेंट रक्तनळीत आहेत, काही काळाने त्यांच्यावर रक्तवाहिनीचेच अस्तर चढते आणि तोंडातल्या जंतूंनी ते पकडल्याच्या घटना अत्यंत दुर्मीळ आहेत. स्टेंट, बायपास आणि पेसमेकर यांपैकी कशासाठीही दाढ काढण्याआधी संरक्षक प्रतिजैविकाची शिफारस नाही.

हे नेहमीच इतके स्पष्ट नव्हते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ मध्ये पहिल्यांदा अशा संरक्षक मात्रेची शिफारस केली आणि पुढे अर्धशतकभर झडपेत किंचित जरी दोष असला तरी ती दिली जात असे. २००७ मध्ये त्याच संस्थेने यादी एकदम आखूड केली. तोपर्यंत एक साधी गोष्ट ध्यानात आली होती, की रोज दात घासताना आणि चावून खातानाही जंतू रक्तात जातात, वर्षभराची त्यांची बेरीज एका दाढ काढण्यापेक्षा कितीतरी मोठी असते, आणि म्हणून वर्षातून एकदा घेतलेल्या गोळीपेक्षा निरोगी हिरड्या हेच खरे संरक्षण आहे. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २००८ मध्ये दंतोपचाराआधी अशी मात्रा कोणालाच देऊ नये अशी भूमिका घेतली आणि २०१६ मध्ये त्या वाक्यात ‘सरसकट’ या अर्थाचा एक शब्द घालून ती थोडी सैल केली. एका क्रियाविशेषणावर इतका खल वैद्यकात क्वचितच होतो. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतील सुमारे ८० लाख विमाधारकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वाधिक धोक्याच्या गटात दात काढणे व तोंडाची शस्त्रक्रिया यांचा एंडोकार्डायटिसशी संबंध आहे आणि आधी प्रतिजैविक दिल्यास तो धोका कमी होतो, असे त्यातून दिसले. आज कायम राहिलेली आखूड यादी अशी आहे: कृत्रिम झडप, मग ती छाती उघडून बसवलेली असो वा मांडीतून नळीने, झडप दुरुस्त करताना वापरलेले कृत्रिम साहित्य, पूर्वी एकदा एंडोकार्डायटिस होऊन गेलेला असणे, आणि जन्मजात हृदयदोषांपैकी काही, विशेषतः ज्यांत मूल निळे पडते व जे अजून दुरुस्त झालेले नाहीत. हृदय प्रत्यारोपणानंतर झडपेत दोष आला असल्यास तोही यात येतो.

आपल्याकडच्या वाचकांसाठी येथे एक भर घालतो. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन झडप खराब झालेली, पण अजून बदललेली नाही, अशी माणसे आपल्या राज्यात पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या यादीत ती बसत नाहीत, तरी काही देशांच्या मार्गदर्शनात त्यांनाही संरक्षण दिले जाते. तेव्हा अशा रुग्णांनी हा निर्णय आपल्या हृदयतज्ज्ञाला विचारून घ्यावा. त्यांच्यापैकी जे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतात, त्यांनी ते दातांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यांच्या तोंडातले जंतू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात आणि संरक्षक औषध दुसऱ्या गटातले निवडावे लागते.

आईंसाठी पुढच्या वेळचा नियम सोपा आहे. हिरडीला किंवा दाताच्या मुळाच्या टोकाला हात लागणार असेल, म्हणजे साफसफाई, दात काढणे किंवा रूट कॅनल असेल, तर प्रौढ व्यक्तीला साधारणतः अॅमॉक्सिसिलिनची २ ग्रॅमची एकच मात्रा उपचाराच्या ३० ते ६० मिनिटे आधी दिली जाते. पेनिसिलिनची अॅलर्जी असल्यास दुसरे औषध निवडतात, मात्र पूर्वी सर्रास दिले जाणारे क्लिंडामायसिन २०२१ पासून त्या यादीतून वगळले आहे, कारण एकाच मात्रेनेही आतड्याचे गंभीर आजार झाल्याचे आढळले. गोळी घ्यायची राहून गेलीच, तर उपचारानंतर दोन तासांच्या आतही ती देता येते. पाच दिवसांचा कोर्स मात्र यासाठी लागत नाही. एक्स-रे काढण्यासाठी किंवा कवळी बसवून पाहण्यासाठी काहीच नको. ही मात्रा घरच्या डब्यातून काढून घ्यायची नसून डॉक्टरांनी लिहून द्यायची आहे, हे वेगळे सांगायला नको.

फोनवर तुम्ही सांगितलेत की आईंची झडप धातूची आहे आणि त्या अॅसेनोकूमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी घेतात. ती गोळी कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर थांबवायची नाही, कारण धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर ती झडप जागच्या जागी अडकते. उपचाराच्या आधी, शक्यतो २४ ते ७२ तासांत, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे याचा आकडा, तपासावा, आणि तो त्यांच्या ठरलेल्या मर्यादेत असेल तर साफसफाई किंवा एखादा दात काढणे गोळी चालू ठेवूनच होते. दुसरी खबरदारी तुमच्या घरात कोणाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही. दाताच्या दुखण्यावर आपल्याकडे अॅमॉक्सिसिलिनच्या जोडीला मेट्रोनिडॅझोल हमखास लिहिले जाते, आणि हे मेट्रोनिडॅझोल रक्त पातळ करणाऱ्या या गोळीचा परिणाम इतका वाढवते की चार दिवसांत आयएनआर भलतीकडे जाऊन हिरडीच नव्हे तर पोटातही रक्तस्राव होऊ शकतो. तोंड आल्यावर लावायचे मायकोनॅझोलचे जेलही तसेच वागते, आणि वरून लावायचे औषध असल्यामुळे त्याचा कोणाला संशयही येत नाही.

आता बाबा. त्यांच्या मनातला क्रम असा आहे: दात साफ केले, म्हणून झटका आला. मला पत्रात दुसरा क्रम दिसतो. जबडा दुखत होता, दातांच्या डॉक्टरांना कीड सापडली नाही, आणि आठ दिवसांनी झटका आला. हृदयाची कळ छातीतच येते असे नाही. ती खालच्या जबड्यात, गळ्यापाशी, डाव्या खांद्यात, अगदी दातांतही जाणवते, कारण या भागांच्या आणि हृदयाच्या संवेदना मज्जारज्जूत व मेंदूत शेजारी शेजारी पोहोचतात आणि मेंदूची पत्त्याबाबत गफलत होते. तुम्ही बाबांना एवढेच विचारा, की ती ठसठस मुलुंड स्टेशनचा पूल चढताना किंवा भाजीची पिशवी घेऊन भराभर चालताना यायची आणि थांबले की ओसरायची का? आणि गार पाण्याने किंवा चावल्याने तिच्यात काही फरक पडत होता का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर ते दुखणे दाताचे नव्हतेच. ते हृदयाचे होते आणि पत्ता चुकून दातांच्या दवाखान्यात पोहोचले होते. दातांच्या डॉक्टरांनाही दोष देता येत नाही, फक्त निरोगी दात दुखतो तेव्हा ईसीजीची आठवण व्हायला हवी. या वेळचे दुखणे वेगळे आहे: बाजू वेगळी, कीड डोळ्यांना दिसते, गाल सुजला आहे. ते निःसंशय दाढेचे आहे.

तरीही बाबांच्या शंकेला अगदीच आधार नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना झटका किंवा पक्षाघात आला होता अशाच माणसांच्या नोंदी घेऊन, त्यांच्या आयुष्यातील दंतशस्त्रक्रियेनंतरचा काळ आणि एरवीचा काळ यांची तुलना केली होती. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत अशा घटनांचे प्रमाण एरवीच्या सुमारे दीडपट दिसले आणि सहा महिन्यांत ते हळूहळू मूळ पातळीवर आले. दीडपट हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण चार आठवड्यांतला मूळ धोकाच लहान असल्यामुळे लहानाची दीडपट लहानच राहते; शिवाय काहींनी त्या काळात अॅस्पिरिन बंद केले असण्याची शक्यताही उरते. त्याआधी २००७ मध्ये हिरड्यांच्या जोरकस उपचाराचा १२० रुग्णांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता आणि मला तो अधिक बोलका वाटतो. जोरकस उपचार झालेल्या रुग्णांच्या शरीरात लगेच दाह वाढला आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर काही काळ सुस्त झाले; सहा महिन्यांनी मात्र तेच अस्तर पूर्वीपेक्षा चांगले काम करू लागले होते. म्हणजे खरवडण्याचा तात्पुरता त्रास आहे आणि नंतर फायदा आहे. आणि ज्या दाढेत पू साचला आहे ती रोज, प्रत्येक घासागणिक, तोच त्रास देत असते. तिच्यामागे फायद्याचे सहा महिने कधी येत नाहीत.

हिरड्यांचा जुनाट आजार आणि हृदयविकार एकत्र आढळतात, ही चर्चा फिनलंडमधील १९८९ च्या एका अभ्यासापासून गाजते आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सारे पुरावे तपासून संबंध आहे हे मान्य केले, पण एकामुळे दुसरा होतो किंवा हिरड्या बऱ्या केल्याने झटका टळतो, असे सिद्ध झाले नसल्याचेही तितकेच स्पष्ट सांगितले. ‘दात साफ करा, हृदयविकार टाळा’ अशा जाहिराती दिसल्या तर हे लक्षात ठेवावे. तंबाखू आणि मिश्री मात्र हिरड्या आणि हृदय दोन्ही बिघडवतात. बाबांना किंवा आईंना सकाळी मिश्री लावायची सवय असेल, तर या पत्रव्यवहारातून दुसरे काही न होता तेवढी सुटली तरी मला चालेल.

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशी मी असहमत आहे आणि हे शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत लिहितो: दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद करू नयेत. बाबांच्या झटक्याला नऊ महिने झाले आहेत आणि अशा रुग्णाला अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही जोडी साधारणतः वर्षभर देतात, कारण औषधाचा लेप असलेल्या स्टेंटवर रक्तवाहिनीचे अस्तर सावकाश चढते आणि तोवर उघड्या जाळीवर गुठळी धरण्याची भीती असते. ती गुठळी धरली तर नळी पुरती बंद होते आणि मोठा झटका येतो, त्यातून सगळेच वाचत नाहीत. दुसऱ्या बाजूला काय आहे? दाढेच्या खड्ड्यातून रक्त थोडे अधिक वेळ येईल, पण ती जागा बोटाने दाबता येते, टाका घालता येतो, जिलेटिनचा स्पंज भरता येतो, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या द्रावणात भिजवलेला गॉजचा बोळा अर्धा तास चावून धरता येतो. स्टेंटमधली गुठळी दाबायला तेथे बोट पोहोचत नाही. हृदय, शस्त्रक्रिया आणि दंतवैद्यक या क्षेत्रांतील अमेरिकन संस्थांनी २००७ मध्ये एकत्र येऊन नेमका हाच इशारा दिला होता, आणि तरी इतक्या वर्षांनंतरही ‘पाच दिवस बंद’ हे वाक्य आपल्या दवाखान्यांतून जात नाही.

भुलेच्या इंजेक्शनाची भीतीही बाबांनी मनातून काढावी. आपल्याकडे बहुधा लिग्नोकेनमध्ये १ : ८०,००० या प्रमाणात अॅड्रेनलिन मिसळलेले असते, त्यामुळे भूल टिकते आणि रक्तही कमी येते. हृदयरुग्णाला एका बैठकीत ०.०४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक अॅड्रेनलिन देऊ नये असा संकेत आहे, म्हणजे या द्रावणाचे साधारण ३ मिलिलिटर, आणि एका दाढेला तेवढे पुरते. सुई रक्तवाहिनीत नाही ना हे पाहून ते सावकाश द्यायचे असते. भूल अपुरी राहून दुखले, तर बाबांचे स्वतःचे शरीरच त्याहून कितीतरी अधिक अॅड्रेनलिन रक्तात सोडील. गाल सुजलेला असताना मात्र भूल नीट लागत नाही, म्हणून डॉक्टर आधी पू काढून देतील आणि काही दिवस प्रतिजैविक देतील. हे प्रतिजैविक चालू संसर्गावरचे आहे, वर सांगितलेल्या संरक्षक मात्रेशी त्याचा संबंध नाही. सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुखणे शमवण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. किटोरोलॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या दातदुखीवर हातोहात मिळतात, पण अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याच्या पोटात त्या रक्तस्राव घडवू शकतात, झटक्याचा धोका वाढवतात आणि आयबुप्रोफेन तर अॅस्पिरिनच्या कामातच अडथळा आणते. जाता जाता आणखी एक: बाबा रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेत असतील आणि त्यांच्या हिरड्या फुगून दातांवर चढत असतील, तर तो त्या गोळीचा ज्ञात परिणाम आहे आणि ती बदलून घेता येते.

‘फिट’ या एका शब्दाच्या चिठ्ठीवर थोडे रागावूनच लिहितो, कारण दोन डॉक्टरांमधला चेंडू रुग्णाच्या मुलीने इकडून तिकडे न्यायचा ही आपल्या शहरातली रीतच झाली आहे. दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहावे की कोणती दाढ काढायची आहे, भूल कोणती व किती देणार आणि रक्तस्राव किती अपेक्षित आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी लिहावे की झटका केव्हा आला, कोणते स्टेंट केव्हा बसवले, हृदयाची पंपशक्ती किती आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत व त्यांपैकी एकही थांबवू नये, आणि संरक्षक प्रतिजैविकाची गरज आहे की नाही. झटक्यानंतरचे पहिले काही महिने टाळता येण्याजोगे उपचार पुढे ढकलतात. बाबांचा तो काळ उलटला आहे आणि दोन जिने न थांबता, छातीत न दुखता ते चढत असतील तर दाढ काढायला हरकत दिसत नाही. इतके दोघांनी लिहून द्यायला दहा मिनिटे पुरतात. ते मिळत नसेल तर मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय येथे जावे. रांग लांब असते, पण असे रुग्ण तेथे नेहमीचेच आहेत.

त्या दिवशी बाबांनी नेहमीप्रमाणे नाश्ता करावा, सकाळच्या सगळ्या गोळ्या घ्याव्यात, जिभेखालची गोळी खिशात ठेवावी आणि सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे रक्त थांबायला त्रास झालाच तर संध्याकाळपर्यंत दवाखाना उघडा असतो. दवाखाना वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत असेल, तर पोहोचल्यावर पाच मिनिटे बसून मग आत जावे. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर काम त्या दिवशी होणार नाही, आणि त्यावर हुज्जत घालू नये. काढल्यानंतर दिवसभर गरम चहा, चुळा भरणे आणि सारखे थुंकणे बंद. खड्ड्यात हळद, तंबाखू किंवा कापूर भरू नये. रक्त पुन्हा आले तर स्वच्छ गॉज घट्ट चावून अर्धा तास घड्याळ लावून बसावे, मध्येच उघडून पाहू नये.

इम्प्लांटची मात्र घाई नाही. दोन गोळ्यांपैकी एक कमी करायची की नाही हे दिवाळीच्या सुमारास हृदयतज्ज्ञ ठरवतील. त्यानंतर बाबांच्या इम्प्लांटचा विचार करावा. आणि आईंच्या पिशवीत आजच एक कार्ड ठेवा: झडपेचा प्रकार, ती बदलल्याची तारीख, अॅसेनोकूमारॉलची मात्रा, शेवटचा आयएनआर, आणि ‘दंतोपचाराआधी प्रतिजैविक आवश्यक’ हे शब्द मराठीत आणि इंग्रजीत. ब्लड कल्चरचा अंतिम अहवाल यायला पाच दिवस लागतात. तो आला की मला कळवा.